चांदीवरचा ठसा : कारागिराचे नाव आणि शुद्धतेची हमी

दिवा-रोहा रेल्वेमार्गावर नागोठणे मागे पडले की रोह्याच्या अलीकडे निडी हे लहानसे स्थानक लागते. पेण-रोह्याच्या या पट्ट्यातील एखाद्या जुन्या घरात जाऊन देव्हारा पाहावा. पिढ्यान्‌पिढ्या पूजेत असलेले खंडोबाचे, भवानीचे, कुलदेवतेचे टाक तेथे असतात. चांदीच्या पातळ पत्र्यावर देवाची उठावाची आकृती आणि मागे आधाराला बहुधा तांब्याचा पत्रा. टाक उलटा करून पाहिला तर पाठ कोरी असते. तो कोणी घडवला, कोणत्या साली घडवला, त्यातील चांदी किती टंचाची आहे, यांपैकी कशाचीही खूण नाही.

आता त्याच घरातील अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलाने वा सुनेने तेथील जुन्या वस्तूंच्या बाजारातून आणलेला चांदीचा चमचा उलटा करावा. दांड्याच्या मागे डोळ्यांना जेमतेम दिसतील अशी चिन्हे ओळीने ठसवलेली असतात. एक चालता सिंह, एक नांगर, रोमन लिपीतील 'जी' हे अक्षर आणि शेजारी 'स्टर्लिंग' हा शब्द. जाणकाराला एवढ्यावरून कळते की हा चमचा ऱ्होड आयलंड संस्थानातील प्रॉव्हिडन्स शहरात गोऱ्हम या कारखान्यात घडला आणि त्यात हजार भागांत ९२५ भाग चांदी आहे. आणखी एखादे अक्षर असेल तर घडणीचे वर्षही सांगता येते.

चांदीच्या वस्तूला दोन प्रश्न विचारले जातात. ही कितपत शुद्ध आहे, आणि ही कोणी घडवली? इंग्लंडने पहिल्या प्रश्नाला प्राधान्य दिले, अमेरिकेने दुसऱ्याला. आपण दोन्ही प्रश्नांची उत्तरे दीर्घकाळ गावातील सोनाराच्या तोंडी ठेवली. तो सोनार गेला, त्याचे दुकान बंद झाले, घराण्याचा आणि त्याचा संबंध तुटला की उत्तरेही गेली. चांदीचा भाव २०२५ साली किलोला लाख रुपयांच्या बराच वर गेल्यानंतर घरोघरच्या पेट्यांतील जुनी चांदी मोडीत निघू लागली. मोड घेणारा वजन पाहतो आणि टंच पाहतो. ठसा वाचण्याचे त्याला कारण नसते आणि बहुतेक विकणाऱ्यांना तो वाचता येत नाही. त्यामुळे धातूच्या किमतीपेक्षा कितीतरी अधिक मोलाची वस्तू मुशीत जाते, आणि नंतर ती कोणालाही परत आणता येत नाही.

राजाचा सिंह आणि कारागिराचे आडनाव

इंग्लंडमध्ये चांदीची तपासणी हा कायद्याचा विषय फार लवकर झाला. पहिल्या एडवर्ड राजाच्या काळात, १३०० साली, बिबट्याच्या मुखाचा ठसा ठरवण्यात आला. पुढे लंडनच्या सुवर्णकार संघाच्या सभागृहात, म्हणजे 'हॉल'मध्ये, वस्तू आणून तपासून घेण्याची सक्ती झाली. 'हॉलमार्क' हा आज आपल्याकडील सराफी पेढीच्या पाटीवर रुळलेला शब्द त्या सभागृहावरून आला आहे. १५४४ पासून चालता सिंह आला आणि तो स्टर्लिंग चांदीचे, म्हणजे ९२५ शुद्धतेचे चिन्ह ठरला. कारागिराची आद्याक्षरेही इंग्रजी चांदीवर असतात, परंतु वस्तूला प्रतिष्ठा देतो तो सिंह. कारागिराच्या शब्दावर विसंबू नये, तिऱ्हाइताने तपासावे, हे त्यामागील तत्त्व.

अटलांटिक ओलांडून अमेरिकेत गेलेल्या चांदीकारांना असा संघही नव्हता आणि असे सभागृहही नव्हते. अपवाद बाल्टिमोर शहराचा. तेथे १८१४ साली कायदा करून तपासणी कचेरी स्थापन झाली, परंतु १८३० मध्ये ती व्यवस्था संपुष्टात आली. इतरत्र कारागिराने आपले आडनाव वा आद्याक्षरे असलेला लोखंडी ठसा तयार करायचा, घडवलेल्या भांड्यावर तो हातोडीने उमटवायचा आणि आपल्या नावानिशी जबाबदार राहायचे, एवढीच रीत होती. बोस्टनचा पॉल रिव्हिअर (१८१८ मध्ये निधन) हा अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाच्या इतिहासात घोडेस्वार म्हणून प्रसिद्ध आहे. पोटापाण्यासाठी तो चांदीकार होता. त्याच्या भांड्यांवर आयताकृती चौकटीत फक्त त्याचे आडनाव असते. त्याने १७६८ साली घडवलेला 'सन्स ऑफ लिबर्टी' हा चांदीचा वाडगा बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहे. त्या वाडग्याची शुद्धता किती, हा प्रश्न आज कोणी विचारत नाही.

नावाला किती मोल येते याचा एक दाखला रायगडच्या वाचकांना चटकन भावेल. पेण, अलिबाग, रेवदंडा येथे बेने इस्रायल समाजाची, आपल्याकडील 'शनवार तेल्यां'ची, सिनेगॉग आहेत. त्यांच्या धर्मग्रंथाची गुंडाळी ज्या दोन दांड्यांवर असते त्यांच्या टोकांवर चढवायच्या चांदीच्या शोभिवंत कळसांना रिमोनिम म्हणतात. अठराव्या शतकात न्यूयॉर्कमध्ये मायर मायर्स (१७२३-१७९५) नावाचा ज्यू चांदीकार होता. त्याने घडवलेल्या रिमोनिमची एक जोडी ऱ्होड आयलंडमधील न्यूपोर्टच्या सिनेगॉगमध्ये होती. बोस्टनच्या संग्रहालयाने त्या जोडीसाठी ७४ लाख डॉलर देऊ केले. त्यावरून न्यूपोर्ट आणि न्यूयॉर्क येथील दोन ज्यू मंडळींत मालकीचा दावा उभा राहिला. २०१७ साली अपील न्यायालयाने न्यूयॉर्कच्या बाजूने निकाल दिला आणि २०१९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालण्यास नकार दिल्यावर वाद मिटला. दोन कळसांतील चांदी वितळवली असती तर या रकमेचा क्षुल्लक अंशही हाती आला नसता.

नाण्याची चांदी

अमेरिकेच्या आरंभीच्या चांदीकाराजवळ खाणीतून आलेली चांदी क्वचितच असे. गिऱ्हाईक घरातील स्पॅनिश डॉलर आणि इतर नाणी आणून देई, ती वितळवून चमचे व पेले घडत. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अमेरिकी चांदीवर 'कॉइन', 'प्युअर कॉइन' किंवा 'डॉलर' असे शब्द आढळतात. अर्थ एवढाच की या वस्तूची शुद्धता नाण्याइतकी आहे. १८३७ पासून अमेरिकी नाण्यातील चांदी ९०० शुद्धतेची होती. म्हणजे ही चांदी स्टर्लिंगपेक्षा किंचित हिणकस. मात्र 'कॉइन' लिहिलेली वस्तू बहुधा जुनी आणि हाताने घडवलेली असल्याने संग्राहक तिच्यासाठी अधिक पैसे मोजतात.

हा प्रकार आपल्याला मुळीच परका नाही. कंपनी सरकारने १८३५ साली चालू केलेला रुपया १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा वजनाचा होता आणि त्यात बारापैकी अकरा भाग चांदी होती. गावचा सोनार तो तागडीत वजन म्हणून ठेवी आणि मुशीत कच्चा माल म्हणूनही टाकी. आजीच्या तोड्यांबद्दल किंवा वाळ्यांबद्दल 'रुपयाची चांदी आहे' असे घरात सांगितले जाते, ते शब्दशः खरे असू शकते. तसे असेल आणि डाक फार नसेल, तर ती सुमारे ९१६ शुद्धतेची निघायला हरकत नाही. परंतु १९४० मध्ये, युद्धकाळात, रुपयातील चांदी निम्म्यावर आणली गेली आणि १९४७ पासून रुपया निकेलचा झाला. 'रुपयाची चांदी' हे शब्द ऐकले की रुपया कोणत्या सालातला, हे विचारायला हवे.

कोकणातील चांदी तर मुळातच समुद्रावरून आलेली. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका ज्या खाडीतून सागराला मिळते तिच्या मुखाशी चौल-रेवदंडा ही जुनी बंदरे आहेत. इराणच्या आखाताकडून 'लारी' नावाचे, चांदीची तार दुमडून केलेले चमत्कारिक नाणे या किनाऱ्यावर येई. आदिलशाहीने तर स्वतःच्या लारी पाडल्या. मराठेशाहीत नाण्यांची पारख करणारा पोतदार हा अधिकारी होता आणि ते पद आडनावाच्या रूपाने आजही आपल्यात आहे. पारख करणारा माणूस होता, विद्याही होती. फक्त त्या पारखीची खूण दागिन्यावर उमटवण्याची प्रथा नव्हती.

विसाव्या शतकात अमेरिकेची चांदी प्रत्यक्ष मुंबईच्या टांकसाळीपर्यंत पोचली, हे फारसे सांगितले जात नाही. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात रुपयांची टंचाई इतकी झाली की नोटांच्या बदल्यात चांदी देणे सरकारला अशक्य होईल अशी भीती निर्माण झाली. तेव्हा अमेरिकेने १९१८ साली पिटमन कायदा केला, २७ कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यांतील सुमारे २६ कोटी डॉलरांची चांदी ब्रिटनला हिंदुस्थानासाठी विकली. तिचे रुपये पडले. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, पुन्हा २२ कोटी ६० लाख औंस चांदी उसनवारीच्या कराराने आली आणि १९५७ पर्यंत स्वतंत्र भारताने ती औंसाला औंस परत केली. रुपये वितळवून दागिने करण्याची आपली रीत पाहता, १९२० च्या दशकात रायगडात घडलेल्या एखाद्या तोड्यात अमेरिकेच्या खाणीतील चांदी असणे अशक्य नाही. ते सिद्ध मात्र करता येणार नाही. वितळलेल्या चांदीला पूर्वेतिहास उरत नाही.

कारखान्यांचे ठसे

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत वाफेच्या यंत्रांनी चांदीकाम कारखान्यात नेले. आज भारतीय घरांत अमेरिकेहून येणारी चांदी बहुतांशी या कारखान्यांची असते, त्यामुळे येथे थोडे थांबणे इष्ट.

गोऱ्हम कारखान्याचा आरंभ १८३१ सालचा. १८६८ मध्ये त्याने स्टर्लिंग शुद्धता स्वीकारली आणि त्याच वर्षापासून दरवर्षी एक अक्षर ठसवण्यास सुरुवात केली. १८८५ पासून अक्षरांऐवजी चित्रचिन्हे आली आणि ती १९३३ पर्यंत चालली. त्याच्या सिंह-नांगर-अक्षर या त्रयीने अनेकांची फसगत होते, कारण इंग्रजी चांदीवरही सिंह असतो आणि बर्मिंगहॅम शहराचे चिन्ह नांगर आहे. गोऱ्हमचा सिंह पाहणाऱ्याच्या उजवीकडे तोंड करून चालतो, इंग्रजांचा डावीकडे. इंग्रजी ठशाची प्रतिष्ठा आपल्या मालाला लाभावी, हा त्यात हेतू नव्हता असे म्हणणे कठीण आहे.

न्यूयॉर्कच्या टिफनी पेढीची स्थापना १८३७ मधील. तिने गोऱ्हमच्याही आधी, १८५१ मध्ये, स्टर्लिंगचा दंडक स्वीकारला. तिच्या जुन्या भांड्यांवर पेढीचे नाव, नमुन्याचा क्रमांक आणि एक अक्षर असते. हे अक्षर त्या काळी पेढीचा कारभार पाहणाऱ्याच्या आडनावाचे. 'एम' हे मूर यांचे आणि 'सी' हे कुक यांचे, त्यामुळे वस्तू कोणत्या कालखंडातील हे कळते. बाल्टिमोरचा कर्क (१८१५) आणि मॅसॅच्युसेट्समधील टॉन्टनचा रीड अँड बार्टन (१८२४) ही नावेही वारंवार भेटतात. रीड अँड बार्टनने २०१५ साली दिवाळखोरी जाहीर केली. नाव दुसऱ्या कंपनीने विकत घेतले. कारखाना बंद पडतो आणि ठसा विकला जातो, हा या व्यवसायाचा आता नेहमीचा शिरस्ता झाला आहे. जुने नाव दिसले म्हणजे जुनी वस्तू असे मानू नये.

कारखान्यांच्या या गर्दीत फसवणूकही वाढली, तेव्हा अमेरिकी संसदेने १९०६ साली राष्ट्रीय ठसा कायदा केला. 'स्टर्लिंग' लिहिलेल्या वस्तूत ९२५ आणि 'कॉइन' लिहिलेल्या वस्तूत ९०० शुद्धता असलीच पाहिजे, असे त्याने ठरवले. लक्षणीय आहे ती १९६१ ची दुरुस्ती. शुद्धतेचा शब्द ठसवायचा असेल तर त्याच्याबरोबर ठसवणाऱ्याचे नाव वा नोंदलेले व्यापारचिन्ह असलेच पाहिजे, असे तिने सांगितले. सरकारी तपासनीस आजही तेथे नाही. तेथील विश्वास असा की ज्याने शब्द दिला त्याचे नाव कायद्याने वस्तूवर चिकटवून ठेवले, की पुढचे न्यायालय पाहून घेईल.

अमेरिकेहून आलेली प्रत्येक चकचकीत वस्तू चांदीची नसते, हेही येथेच सांगितले पाहिजे. '१८४७ रॉजर्स ब्रदर्स' असा ठसा असलेले चमचे, सुऱ्या आपल्याकडे पुष्कळ येतात आणि '१८४७ सालची चांदी' म्हणून कौतुकाने दाखवले जातात. वास्तविक ते व्यापारनाव आहे. रॉजर्स बंधूंनी विजेच्या साहाय्याने मुलामा देण्यास ज्या वर्षी सुरुवात केली ते वर्ष नावात घातले गेले. त्या वस्तू मुलाम्याच्या आहेत आणि त्यांतील कित्येक विसाव्या शतकातील. 'ईपीएनएस', 'ट्रिपल प्लेट', 'क्वाड्रुपल प्लेट' ही अक्षरेही मुलामाच दर्शवतात. इंटरनॅशनल सिल्व्हर ही कनेक्टिकटमधील मेरिडन येथे १८९८ साली अनेक कारखाने एकत्र येऊन झालेली मोठी कंपनी अस्सल चांदी आणि मुलामा दोन्ही करी, म्हणून तिच्या नावाबरोबर 'स्टर्लिंग' आहे की नाही हे पाहावेच लागते. मेणबत्तीच्या घरावर 'स्टर्लिंग' आणि 'वेटेड' असे दोन्ही शब्द असतील तर आत सिमेंट वा तत्सम भर असते आणि चांदी केवळ वरच्या पातळ पत्र्यापुरती. असे घर तागडीत घालून भाव करणे म्हणजे सिमेंटचा भाव करणे. आपल्या लग्नसराईत रुळलेल्या 'जर्मन सिल्व्हर'मध्ये तर चांदी औषधालाही नसते. तांबे, निकेल आणि जस्त एवढाच तो संसार.

आपल्याकडे ठसा कोणी उमटवला?

इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानात सर्वत्र लागू असा चांदीचा हॉलमार्क नव्हता. त्यामुळे येथेही अमेरिकेसारखीच स्थिती होती. ज्या कारागिरांचे गिऱ्हाईक युरोपियन होते, त्यांनी आपापले ठसे तयार केले. कलकत्त्याची हॅमिल्टन आणि मद्रासची पी. ऑर अँड सन्स या साहेबी पेढ्यांची नावे संग्राहकांना पाठ असतात. देशी कारागिरांत सर्वांत नावाजलेला कच्छ-भूजचा ओमरसी मावजी. त्याच्या दाट वेलबुट्टीच्या कामावर रोमन लिपीत 'ओ. एम.' आणि कधी खाली 'भूज' असा ठसा असतो. हा ठसा 'ॐ' समजून वस्तू देवघरात ठेवली जाण्याचा संभव आहे. निदान ती वितळत तरी नाही! आज जगभरच्या लिलावांत या दोन अक्षरांना मोठी मागणी असते.

पुणेही यात मागे नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'पूना सिल्व्हर' या नावाने देवदेवतांच्या उठावाच्या आकृत्या असलेले चहाचे संच, पेले, तबके युरोपियनांसाठी घडत. हिराप्पा बुचना हे नाव त्या वस्तूंच्या संदर्भात पुढे येते. मुंबई इलाख्यातील कारागिरीची दखल घेऊन ती विलायतेस परिचित करून देणारे जॉर्ज बर्डवूड यांचा जन्म बेळगावचा. त्यांचा हिंदुस्थानच्या औद्योगिक कलांवरील ग्रंथ १८८० साली प्रसिद्ध झाला. हिंदी कारागीर निनावी राहतो, ही त्याची थोरवी आहे, असा एक सूर त्या काळच्या विलायती लेखनात आढळतो. ऐकायला तो गोड आहे; कारागिराच्या नातवंडांना मात्र त्या थोरवीचा उपयोग झाला नाही.

शिवाय हे ठसे साहेबाच्या टेबलावरील भांड्यांवर होते. त्याच पुण्यातील सोनार देशी गिऱ्हाइकासाठी ताम्हन, निरांजन, अत्तरदाणी, गुलाबदाणी, पैंजण, जोडवी, मासोळ्या घडवी तेव्हा ठसा उमटवत नसे. त्याची गरजही दोघांना वाटत नसे. गिऱ्हाइकाच्या आजोबांपासून दुकान तेच. वस्तू मोडायची झाली तर ती त्याच दुकानात मोडायची आणि तो सोनार आपले काम हात लावताच ओळखणार. लोकोक्तींनी सोनाराला फारसे सोडलेले नाही, तरीही हा व्यवहार शतकानुशतके चालला, कारण दोघांनाही गाव सोडून जायचे नव्हते. गाव सुटले आणि ठशाची उणीव जाणवू लागली. नागोठणे-रोह्याच्या परिसरात घडलेली जोडवी डोंबिवलीच्या वा ठाण्याच्या दुकानात मोडायला आली की ती परक्या मुलखातील निनावी धातू होते, आणि घट किती धरायची हे दुकानदार ठरवतो.

आजच्या महाराष्ट्रातील चांदीकामाचे मोठे केंद्र कोल्हापूर जिल्ह्यात, हातकणंगले तालुक्यातील हुपरी येथे आहे. तेथील पैंजण देशभर जातात. एका पैंजणामागे अनेक हात असतात. एक तार ओढतो, दुसरा कड्या गुंफतो, तिसरा डाक लावतो, कोणी घुंगरू बसवते, कोणी उजळणी करते. यातील बरेच काम घराघरांतून चालते. पेचाजवळ कधी दोन-तीन रोमन अक्षरे वा टंचाचा आकडा ठसवलेला दिसतो, परंतु तो व्यापाऱ्याच्या सोयीचा. मग नाव कोणाचे घालायचे, असा प्रश्न कोणी करील. तो रास्त आहे, पण गोऱ्हमच्या सिंहामागेही शेकडो कामगारांचे हात होते. तेथे निदान कारखान्याचे नाव राहिले आणि कारखान्याचे दप्तर राहिले. त्यावरून आज संशोधक रेखनकारापर्यंत पोचतात. मुंबईच्या झवेरी बाजारात हुपरीचा माल घेणाऱ्याच्या हाती पुष्कळदा दुकानाच्या पावतीपलीकडे काही येत नाही.

ठसा वाचताना

घरातील जुनी चांदी पाहायची झाल्यास दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरेसे होते. ठसा चमच्याच्या दांड्यामागे, भांड्याच्या बुडाशी, झाकणाच्या आतल्या कडेला किंवा दागिन्याच्या पेचाजवळ असतो. शोधण्यापूर्वी वस्तू चिंचेने वा पावडरीने घासू नये. घासून पुसट झालेला ठसा पुन्हा उमटत नाही आणि काळवंडलेल्या रेषांमुळेच तो नीट वाचता येतो. भिंगातून छायाचित्र घ्यावे, वजन लिहून ठेवावे, वस्तू घरात कोणाकडून आली ते वडीलधाऱ्यांना विचारून त्याखाली नोंदवावे. रोमन अक्षरे वा चिन्हे आढळली तर मोडीच्या दुकानाऐवजी आधी जुन्या चांदीच्या जाणकाराकडे जावे. ठसा नसेल तर शुद्धता यंत्रावर पाहता येते. क्ष-किरणांच्या साहाय्याने चालणारे हे यंत्र वस्तूला इजा न करता मिश्रणाचे प्रमाण दाखवते. मात्र ते पृष्ठभाग वाचते, त्यामुळे जाड मुलामा त्याला फसवू शकतो. देवाच्या टाकाच्या बाबतीत तांब्याच्या आधाराचे वजन वेगळे धरले गेले की नाही, हे तेवढे विचारून घ्यावे.

नव्या खरेदीसाठी भारतीय मानक ब्युरोचा हॉलमार्क आहे. सोन्यासाठी तो एप्रिल २००० मध्ये आणि चांदीसाठी ऑक्टोबर २००५ मध्ये सुरू झाला. सोन्यावर तो २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, चांदीवर मात्र ऐच्छिकच राहिला. १ सप्टेंबर २०२५ पासून हॉलमार्क केलेल्या चांदीवरही सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र ओळख क्रमांक येऊ लागला. ब्युरोचे चिन्ह व 'सिल्व्हर' हा शब्द, शुद्धतेचा आकडा आणि हा क्रमांक अशी तीन अंगे त्यावर असतात. शुद्धतेच्या श्रेणी ८०० पासून आहेत. २०२५ च्या सुधारणेत ९५८ आणि ९९९ या श्रेणींची भर पडली. दुकानात '९२५' एवढेच लिहिलेले असेल तर तो दुकानदाराचा शब्द, हॉलमार्क नव्हे.

या व्यवस्थेत एक बदल फारशी चर्चा न होता घडला. सोन्याच्या जुन्या हॉलमार्कमध्ये सराफाचे ओळखचिन्हही ठसवले जाई. जुलै २०२१ मध्ये नवा क्रमांक आला तेव्हा ते चिन्ह दागिन्यावरून गेले आणि नोंदीत जाऊन बसले. चांदीच्या नव्या ठशातही ते नाही. ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल अॅपमध्ये क्रमांक टाकला की नोंदणीकृत सराफ, तपासणी केंद्र, वस्तूचा प्रकार आणि शुद्धता समोर येते. ग्राहकाच्या दृष्टीने हे पूर्वीपेक्षा निश्चितच भक्कम आहे. अॅप बंद पडले किंवा नोंद नाहीशी झाली तर सहा अक्षरांवरून पन्नास वर्षांनी काय वाचता येईल, हा प्रश्न वेगळा. आणि वस्तू कोणी घडवली, हे सांगणारा रकाना त्या नोंदीत नाही.